पंधरा हात मलमल

लग्नाला सहा वर्षं झाली होती तेव्हा आमच्या ह्यांना गाणं शिकायचं खूळ लागलं, आणि त्या दिवसापासून सकाळी परसात उभं राहायची सोय उरली नाही. मी चूल पेटवते न पेटवते तोच मागून आवाज सुरू व्हायचा. आधी खाकरणं. मग घशाच्या तळातून काहीतरी ओढून वर आणणं. मग ते थुंकणं, आणि थुंकून झाल्यावर वाकून काय पडलं ते निरखणं. मला ह्या निरखण्याची सगळ्यात जास्त किळस यायची. पडलं ते पडलं, त्यात बघण्यासारखं काय असतं? पण गाण्याच्या मास्तरांनी सांगितलं होतं की कफाचा रंग रोज तपासत जा.

त्यानंतर नाकाचा कार्यक्रम. चोचीचा तांब्या, त्यात कोमट पाणी आणि मीठ. मान वाकडी करून एका नाकपुडीत चोच खुपसायची आणि दुसऱ्या नाकपुडीतून धार सोडायची. धार कधी नुसत्या पाण्याची नसायची. तिच्याबरोबर जे काही लोंबत यायचं ते बोटानं तोडून हे तुळशीजवळच्या दगडावर झटकायचे. तो दगड मी राखेनं घासायची. तांब्या माझ्या माहेरचा होता, पूजेत पंचामृत घालायला आईनं दिलेला. पहिल्याच दिवशी तो ह्यांच्या नाकात गेला आणि मी त्याच्यावरचा हक्क सोडला.

आम्ही नंदुरबारचे. तेव्हा जिल्हा धुळ्याचा होता, पश्चिम खानदेश म्हणायचे, आणि दुसरी लढाई अजून लागायची होती. घरची काळी जमीन होती, मोठे दीर शेती बघायचे आणि हे मामलेदार कचेरीत कारकून. दिवसभर पाय मोडून बसणं आणि संध्याकाळी पानवाल्याकडे चावीच्या बाजावर, म्हणजे ग्रामोफोनवर, नाटकातली गाणी ऐकणं, हा ह्यांचा दिनक्रम. दिवाळीच्या सुमाराला कुठलीशी नाटक कंपनी मोडली आणि तिचा पेटीवाला आगगाडीतून नंदुरबारला उतरला. त्यानं बाजारात एका माडीवर गायनाचा वर्ग काढला. हे पहिल्या दिवशी गेले ते घरी येऊन पाटावर ताठ बसले आणि म्हणाले, आपल्याला गळा आहे, नुसता दम कमी पडतो.

गळा होता असं मी म्हणणार नाही. दम कमी पडत होता हे मात्र खरं. एका ओळीत तीनदा थांबायचे, आणि प्रत्येक वेळी तोंडानं असा घोट घ्यायचे की गोठ्यातली म्हैस मान वळवून बघायची.

मास्तर एकदा आमच्या घरी चहाला आले. तोंडात पान. पान चघळतच बोलायचे, आणि बोलताना लाल थेंब उडायचे. मी दाराआड उभी राहून बघत होते. माझ्या पांढऱ्या चादरीवर एकेक थेंब पडत होता आणि हे तोंड उघडं टाकून ऐकत होते. मास्तर म्हणाले, "गाण्याचा सगळा पाया श्वासात आहे. आधी आतली घाण काढा, मग सूर आपोआप लागेल." मग दाराकडे बघून म्हणाले, "बायकांची गोष्ट वेगळी. त्यांचा श्वास छातीच्या वरवरचा. चार ओव्या म्हणतील, पण लांब ओळ त्यांना पेलायची नाही."

चादर धुताना मी मास्तरांना मनात काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. पण राग येण्याचं कारण होतं. माझ्या बाबतीत तो मेला खरं बोलला होता.

त्याच वर्षीच्या श्रावणात माझं गाणं पडलं होतं. ज्यांना आमच्याकडची कानबाई ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, साज, नवं लुगडं. सोमवारी सकाळी तिला पाटावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात. आमच्या भाऊबंदकीत अशी रीत की देवी उंबऱ्याबाहेर निघाली की घरातल्या एका बाईनं पहिलं गाणं लावायचं, आणि गल्लीच्या वळणापर्यंत ते तुटू द्यायचं नाही. बाकीच्या बाया मागून ओळ धरतात, पण पुढची ओळ टाकणारी एकच. वर्षानुवर्षं ते गाणं आमच्या सासूचं होतं. त्या साली तिचे गुडघे धरले होते, म्हणून तिनं ते मला दिलं.

माहेरी माझ्या आवाजाचं कौतुक होतं. सासरी माझं म्हणून काही नव्हतं. भांडी सासूची, कोठी मोठ्या जावेची, माणसं सगळी ह्यांची. हे गाणं मिळालं तेव्हा मला वाटलं, चला, ह्या घरात एक गोष्ट माझी झाली. मी जोरात लावलं. फार जोरात. अर्ध्या गल्लीत छाती भरून आली, खांदे कानाला लागले, आणि ओळीच्या मधोमध आवाजच निघेना. मागच्या बाया थबकल्या. ताशेवाला थबकला. मोठ्या जावेनं पुढची ओळ उचलली आणि देवी पुढे गेली. परत येताना जाऊ सगळ्यांदेखत म्हणाली, "तिना दम आंगनमाच सरना." बाया हसल्या. वर्षभर पाण्याला गेले की कोणीतरी ते वाक्य म्हणायचंच.

तर ते गाणं मला परत हवं होतं. दुसरं काही नाही. दागिना नको होता, माहेरची बोलावणी नको होती. सोमवारी सकाळी उंबऱ्यापासून वळणापर्यंत तुटू न देता ते मला म्हणून दाखवायचं होतं.

हिवाळ्यात ह्यांचं खूळ वाढलं. मास्तरांनी फर्मावलं, पहाटे मोकळ्या हवेत जाऊन खोल श्वास घ्या. गावाबाहेर मोकळी हवा म्हणजे काय ते आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्या दिवसांत सगळी मोकळी जागा मिरचीनं लाल झालेली असते. हे वाळत घातलेल्या मिरचीच्या मध्ये पद्मासन घालून बसले आणि खोल श्वास घेतला. घरी आले तेव्हा डोळे सुजलेले, नाकातून दोन धारा, आणि सदऱ्याची बाही कोपरापर्यंत चिकट. त्या बाहीला हात लावताना मी चिमटा वापरला.

सासू हे सगळं बघायची आणि काही बोलायची नाही. तिला मी आत्याबाई म्हणायची. बाई खमकी, आणि स्वच्छतेच्या बाबतीत तीही काही फार मोठी नव्हे. मिश्रीनं दात काळे केलेले, बोट हिरडीवर फिरवून झालं की ते जात्याच्या पाळीला पुसायची. मला शिसारी यायची. पण तिचा दम मी पाहिला होता. सत्तरीला टेकलेली बाई, गुडघे मोडलेले, पण दळताना ओळ लावली की चार फेऱ्या जातं फिरायचं तरी ओळ चालूच. तिनं श्वास कधी घेतला ते मी रोज समोर बसून बघत होते आणि मला दिसत नव्हतं.

एके दिवशी मी दळताना गात होते, ती मध्येच जातं थांबवून म्हणाली, "तुन्हा खांदा कसाले नाचस वं?"

"दम लेस मी, आत्याबाई."

"दम खांदामा ऱ्हास का?" असं म्हणून तिनं मिश्रीचं बोट माझ्या कमरेच्या वर, बरगडी संपते तिथे खुपसलं. "आठे ऱ्हास. आठेन हालाले पाहिजे."

मी अंग चोरलं. बोटाची घाणही वाटली आणि दुखलंही. पण ती सोडायला तयार नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिचा एक हात खुंट्यावर आणि दुसरा माझ्या कमरेवर. खुंटा दूर लोटायचा तेव्हा ओळ सोडायची, खुंटा अंगाकडे आला की तोंड मिटायचं. मी तोंड मिटून नाकानं हवा ओढायची की लगेच बोट खुपसलं जायचं.

"वढू नको. कोनी चोरी लई जाई ऱ्हायना का? तोंड बंद ठेव, पोट ढिलं सोड, आनि येऊ दे त्याले. तो आपोआप येस."

मला ते महिनाभर कळलं नाही. हवा आपण घेतली नाही तर ती येईल कशी? मग एके सकाळी डोकं दुखत होतं, गाण्याकडे माझं लक्ष नव्हतं, हात आपले फिरत होते, आणि मला जाणवलं की खुंटा जवळ येताना माझं पोट हळूच पुढे आलंय, कोणी भरल्याशिवाय भरलंय. खांदे जागेवर होते. ओळ संपली तरी आत उरलं होतं. मी सासूकडे बघितलं. तिनं हात काढून घेतला आणि म्हणाली, "आते दळ." शाबासकी एवढीच.

मग ती एकेक सांगत गेली, तेही शिव्यांच्या मधून. पोटभर जेवून गायचं नाही. ओळीच्या सुरुवातीला सगळा जोर टाकायचा नाही, शेवटच्या शब्दासाठी राखून ठेवायचा. रागावलेलं असताना लावायचं नाही, रागात मान आवळते. डोक्यावर हंडा घेऊन चालताना मनातल्या मनात ओळ म्हणायची, पावलं मोजायची, आणि श्वास पावलावर पडेल असं बघायचं. उन्हाळा लागता लागता मी विहिरीपासून घरापर्यंत भरलेल्या हंड्यानिशी दोनच श्वासांत यायला लागले. पाण्यावर बाया ते वाक्य म्हणायच्या तेव्हा मी हसायला लागले होते.

एक शेवटची गोष्ट तिनं आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, सुरू केली. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी जे दळण असतं त्याला तोंडाचा वारा लागलेला आमच्याकडे चालत नाही. देवीच्या पिठात माणसाचा उष्टा श्वास जायला नको, म्हणून दळणाऱ्या बाया नाकातोंडावर पट्टी बांधतात, आणि तशाच गातात. ज्या बाईनं सोमवारी गायचं तिनंच दळणाला पहिली ओळ लावायची. "आतेपासूनच बांध," सासू म्हणाली. पदर नाकावरून घेऊन मी दळायला बसले. पहिले आठ दिवस गुदमरले. नंतर पोट आणखी खालून हलायला लागलं आणि कापड असल्याचं विसरायला झालं.

इकडे ह्यांनी तोवर शेवटचं टोक गाठलं होतं. नाकानं भागलं नाही, आता मास्तरांनी पोट धुवायला सांगितलं. चार बोटं रुंद, पंधरा हात लांब मलमलीची पट्टी. ती कोमट दुधात भिजवायची आणि हळूहळू गिळायची. शेवटचं टोक हातात धरून ठेवायचं, आणि मग ओढून बाहेर काढायची.

मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं ह्यांनी काहीतरी वेडंवाकडं खाल्लंय आणि आता जातात. डोळे बाहेर आलेले, मान ताणलेली, तोंडातून पांढरी पट्टी लोंबतेय आणि हे तिला मूठ मूठ बाहेर ओढतायत. ती बाहेर येताना जो आवाज यायचा तो मी आज इतक्या वर्षांनीही ऐकू शकते. पट्टी पांढरी राहिलेली नसायची. पिवळट, बुळबुळीत, आंबट वासाची. ओढून झाली की हे तिचा गोळा माझ्या हातात द्यायचे आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणायचे, "दख, कितली घान निंघनी!" जणू काही कमाई केली होती. दमात काही फरक पडला नाही ते वेगळंच. ओळीत अजून तीनदा थांबायचेच.

धुवायला मी. रिठ्याच्या पाण्यात, मग राखेच्या पाण्यात, मग नुसत्या पाण्यात. कितीही धुतलं तरी ओली असताना नाकाजवळ नेली की तो वास असायचाच. जेवण जायचं नाही. मी ह्यांना म्हटलं, हे तुमचं तुम्ही धुवा. तर म्हणाले, "मायले समजाले नको. परसमा मी धोवाले बठनू ते ती विचारी." आईला सांगायचं नाही, कारण ती मास्तरांना माडीवरून खाली फेकून देईल. मग पट्टी कशाची म्हणून सांगायचं? "पेटीले गुंडाळानी शे म्हन." मी तेच सांगितलं. सासूनं एकदा दोरीवर बघून विचारलं होतं, मी म्हटलं, मास्तरांच्या पेटीवर धूळ बसते, त्यासाठी आणली आहे. तिनं मान हलवली. नवं कोरं कापड पेटीला, म्हणजे उधळेपणा, एवढंच ती म्हणाली.

त्या श्रावणात झड लागली होती. परसात काही वाळेना. गोठ्यामागे मी पट्टी लपवून वाळत घालायची ती चार दिवस ओलीच. शेवटी मी ती आत आणली आणि जात्याच्या खोलीत उंच दोरीवर टाकली. तिथे कोरडं होतं आणि चुलीची धग यायची. टाकली ती मीच. हे मी कुणावर ढकलत नाही.

रोटाच्या दळणाची सकाळ. मी विहिरीवरून न्हाऊन, ओल्या केसांनी आले तेव्हा खोलीत सासू, मोठी जाऊ आणि चुलत सासू बसलेल्या. आमच्याकडे घरातल्या आणि भाऊबंदांच्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजतात. ते एकदाच मोजायचे. जात्यात पडले की मोजणी संपली. ते पीठ काही कारणानं बाटलं तर दुसऱ्यांदा मोजता येत नाही, त्या वर्षी कानबाई बसत नाही, आणि पुढे पुन्हा बसवायची तर घरात काही शुभ घडेपर्यंत वाट बघावी लागते. तीन पिढ्यांपूर्वी एकदा असं झालं होतं, त्याची गोष्ट अजून दबक्या आवाजात सांगायचे. मी उंबऱ्यावर आले तेव्हा पहिल्या मुठी जात्यात पडलेल्या होत्या, पाळीवर पीठ सांडायला लागलं होतं, आणि तिघींच्या तोंडावर पांढऱ्या मलमलीच्या पट्ट्या होत्या.

मी दोरीकडे बघितलं. दोरी रिकामी.

सासूनं मांडीवरचा उरलेला तुकडा उचलला, दोन्ही हातांनी टोक धरून टरकन फाडला आणि माझ्यापुढे केला. "कोनी नेसेल नही, पांघरेल नही," पट्टीमागून ती म्हणाली. "एकदम चांगलं शे. पेटीले दुसरं ली येजो." सोवळ्याला असंच कापड लागतं, कोणाच्या अंगाला न लागलेलं. तिचं काय चुकलं? बाहेरून ते खरंच कोणाच्या अंगाला लागलं नव्हतं.

"बांध. आनि लाव गानं. औंदा तूच लावजो."

मी तो तुकडा हातात घेऊन उभी होते. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मोठी जाऊ माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होतं की मी घाबरले असं तिला वाटतंय. बोलले तर दळण मोडणार. देवी बसणार नाही. आणि गाणं नाही. ह्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी कदाचित नाही, आणि झालंच कधी तर तोवर सासू राहणार नाही आणि गाणं जावेकडे जाणार. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं. देवीचा विचार आला का? आला, पण शेवटी आला. हे मी आज लिहिते आहे, तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

मी पट्टी बांधली.

बांधताच वास आला. आंबट दुधाचा, आणि त्याच्याखाली तो दुसरा, ज्यासाठी मला शब्द नाही. मी डोळे मिटले, खुंटा धरला, आणि ओळ लावली. लावताना श्वास सोडते आहे तोवर ठीक. खुंटा जवळ आला की तोंड मिटायचं आणि येऊ द्यायचं. आणि जे यायचं ते त्या कापडातून गाळून यायचं. वर्षभर शिकले होते की हवा ओढायची नाही, अडवायची नाही, पोट ढिलं सोडायचं म्हणजे ती तळापर्यंत जाते. ती तळापर्यंत गेली. ह्यांच्या पोटातलं माझ्या पोटात, फेरीमागे एकदा, दळण संपेपर्यंत. आणि गाणं इतकं सुरेख झालं की चुलत सासूनं जातं थांबवून माझ्या गालावरून हात ओवाळून बोटं मोडली.

रविवारी देवी बसली. सोमवारी सकाळी पाट उंबऱ्याबाहेर निघाला आणि मी गाणं लावलं. त्या पट्ट्या देवीबरोबर नदीत सोडायच्या म्हणून परडीत होत्या. माझं तोंड मोकळं होतं, पाऊस थांबला होता. वळण आलं, गाणं तुटलं नाही. वळण गेलं, तरी मी थांबले नाही, पार नदीपर्यंत म्हटलं. बाजारातल्या माडीवर मास्तर उभे होते. त्यांनी नंतर ह्यांना सांगितलं म्हणे, बघा, घरात एकानं शुद्धी सुरू केली की त्याचा परिणाम सगळ्यांवर होतो. पाण्याला ते वाक्य पुन्हा कोणी म्हटलं नाही. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

आणि रोट खावे लागले. गुळाचे जाड रोट, तूप घालून. ते भाऊबंदकीबाहेर कोणाला द्यायचे नाहीत, दिल्या लेकीलासुद्धा नाहीत, टाकायचे नाहीत, पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचे. रोज ताटात एक. हे तर तीन तीन खायचे आणि म्हणायचे, ह्या वर्षी चव काही वेगळीच आहे. मी त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि मला उठून जावंसं वाटायचं. माझा घास गालात फिरत राहायचा. पाण्याबरोबर ढकलायची. मनात म्हणायची, घाण ह्यांची, मास्तरची. पण रोज एक रोट गिळताना ते म्हणणं पातळ होत गेलं. चौथ्या-पाचव्या दिवशी मला ह्यांची किळस येत नव्हती, ते बिचारे काय, त्यांना काही ठाऊकच नव्हतं. ठाऊक मला होतं. किळस माझीच यायची. पट्टीबद्दल त्यांनी विचारलं तेव्हा मी उंदरांनी नेली म्हणून सांगितलं. पुढे मास्तर एकाएकी गाव सोडून गेले, तेव्हा ह्यांचं गाणंही आपसूक बंद झालं.

रोट संपले त्या दुपारी मी परसात भांडी घासत होते. सासू ओसरीच्या कडेला पाय सोडून बसली होती, मिश्री लावत. घरात दुसरं कोणी नव्हतं. ती माझ्या हातांकडे बघत होती.

"माले वास उना व्हता," ती म्हणाली. "बांधताच उना."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"पेटीले असा वास येस नही. मन्हा आंडोर सकायमा परसमा काय गियस ते माले दिसत नही का? त्यानं पेटीनं सांगं, तू पेटीनं सांगं, मी बी म्हनं पेटीनंच ऱ्हाई. हातमा लिदं तवय बी ध्यानमा उनं नही. तोंडले बांधं तवय समजनं. पन गहू पडी जायेल व्हतात."

म्हणजे आपला लेक परसात काय गिळतो ते तिला ठाऊक होतं, आणि दळणाच्या सकाळी तीही माझ्यासमोर बसून तेच ओढत होती. माझ्यापुढे तुकडा केला तेव्हा तिला कळलेलं होतं. मला एकदम बरं वाटलं, हे कबूल करते. वाटलं, चला, मी एकटी नाही. देवीचं नाव घेणारी ही एवढी मोठी बाई, तीही गप्प राहिली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

तिनं बोट तोंडातून काढलं. "मी मन्हा आंडोरकरता गप ऱ्हायनू," ती म्हणाली. "त्यानी वकारी कानबाईना पीठमा गयी असं गाव जलमभर म्हनतं त्याले. म्हनीसन गप ऱ्हायनू. तू कसाकरता गप ऱ्हायनी वं?"

ती रागावलेली नव्हती. खरंच विचारत होती, आणि उत्तरासाठी थांबली होती. मी पातेलं घासायला लागले. घासलेलं होतं तेच पुन्हा घासलं. थोड्या वेळानं ती भिंतीला धरून उठली आणि आत गेली.

त्यानंतर ती नऊ वर्षं जगली. नऊ वर्षं कानबाईचं पहिलं गाणं माझंच होतं, तिनं ते कधी काढून घेतलं नाही, कोणाला काही सांगितलंही नाही. फक्त दळणाच्या सकाळी माझ्यासमोरची जागा तिनं मोठ्या जावेला दिली. स्वतः कोपऱ्यात सूप घेऊन बसायची, गहू निवडत. मी ओळ लावली की बाकीच्या मागून धरायच्या. ती धरायची नाही. गहू निवडून संपले तरी मान खाली घालून सुपात बोटं फिरवत राहायची, गाणं संपेपर्यंत.